जिप्सोफिला आणि काळोखे साहेबांचा बूट

सगळ्यात आधी बूट तपासला तो काळोखे साहेबांनी. स्टेजवर मधल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतला, बुटाचा तळ आपल्याकडे वळवून नीट पाहिला आणि पाय खाली ठेवला. मग डावा पाय. साहेब निवृत्त शिक्षणाधिकारी, समारंभाचे अध्यक्ष, समोर दीडशे माणसं. पण त्यांनी हे इतक्या गांभीर्याने केलं की कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलनानंतर तेच छापलं असावं असं वाटलं. त्यांच्या शेजारी सत्कारमूर्ती वाळुंज सर बसले होते. सरांनी साहेबांच्या बुटाकडे पाहिलं आणि हळूच स्वतःचाही बूट उचलून पाहिला.

"साहेब बूट कशापायी बघत्यात रं?" शेजारी बसलेल्या माझ्या आईने विचारलं.

"नवे असतील," मी म्हणालो.

बुटांकडे बघायला मला सवड नव्हती. मी स्टेजकडे बघत होतो. ते मी सजवलं होतं. मागची भिंत, दोन्ही खांब, खुर्च्यांच्या पाठी, भाषणाचं टेबल, सगळीकडे जिप्सोफिला. माझ्या शेतातल्या तीनशे जुड्या, आणि त्यात दुसरं एकही फूल नाही. पांढऱ्या बारीक फुलांचा नुसता फेस आला होता. त्या फेसातून साहेबांचं आणि सरांचं डोकं तेवढं वर दिसत होतं. प्रतिभाचं आणि माझं लग्न होणार की नाही, हे त्या सजावटीवर ठरायचं होतं.

प्रतिभा म्हणजे वाळुंज सरांची मुलगी. सर मला शाळेत होते, पुढे मुख्याध्यापक झाले, आणि त्या दिवशी, दोन हजार सहाच्या मे महिन्यात, निवृत्त होत होते. माझं गाव कामशेतपासून आत, पवनेच्या बाजूला. रोज सकाळी सातच्या एसटीने मी फुलांच्या जुड्या घेऊन तळेगावला यायचो आणि त्याच एसटीने ती डीएडच्या कॉलेजला जायची. दोन वर्षं आम्ही एसटीत बोललो. मग मी आईला घेऊन सरांच्या घरी गेलो, रीतसर विचारायला. समारंभाच्या पंधरा दिवस आधीची ही गोष्ट.

"काय करतोस हल्ली, असवले?" सरांनी विचारलं होतं.

"शेती, सर. फुलांची."

"गुलाब?"

"नाही."

"जरबेरा?"

"नाही सर. जिप्सोफिला."

मी एक जुडी बरोबर नेली होती. सरांनी चष्मा लावला आणि ती अलीकडून पलीकडून पाहिली. "यात फूल कुठलं?"

"हेच, सर. हे बारीक पांढरं."

"मला वाटलं, हे कशाला तरी गुंडाळलंय."

मी समजावून सांगितलं. गुच्छात गुलाबांच्या मधे मधे जी मोकळी जागा राहते, तिथे याच्या चार काड्या घालतात. बाजारात याला फिलर म्हणतात. हे सांगताना मला स्वतःला फार अभिमान वाटत होता, कारण आमच्या शिवारात सगळ्यांनी गुलाब लावले होते आणि हे नाजूक पीक एकट्या मला जमलं होतं. याला पाणी जरा जास्त झालं की मूळ कुजतं. थंडीत दिवस लहान झाला की हे फुलत नाही, म्हणून वाफ्यांवर तारा ओढून बल्ब लावावे लागतात. काड्या एकमेकींत अशा गुंततात की सोडवताना माणसाची बोटं रडकुंडीला येतात. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे रिकाम्या जागा भरा," ते म्हणाले.

"हो सर, तसंच."

"असवले, रिकाम्या जागा भरा या प्रश्नाला एकेक गुण असतो. त्यावर आजवर कुणी पास झालेलं नाही. निबंध कुठाय तुझा? उद्या मला कुणी विचारलं, जावई काय करतात, तर काय सांगू? दुसऱ्यांच्या फुलांत मधे मधे असतात?"

"गुरुजी, त्याच्याबिगर गुच्छ बोडका दिसतो," आई म्हणाली.

"दिसू दे," सर म्हणाले.

प्रतिभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्यासमोर हे झालं म्हणून मला फार लागलं. विचार न करता मी बोलून गेलो, "सर, तुमच्या सत्काराची सजावट मी करतो. एकही गुलाब घालणार नाही. नुसता जिप्सो. मग सांगा, हे मुख्य फूल आहे की नाही."

परीक्षेचं नाव निघालं की सरांचा चेहरा उजळायचा. तसा तो उजळला. "ठीक आहे. पास झालास तर मी होकार देईन. नापास झालास तर या घराची पायरी चढायची नाही. फेरपरीक्षा मिळणार नाही."

निघताना प्रतिभा फाटकापर्यंत आली. "थोडे तरी गुलाब लाव," ती हळूच म्हणाली. "निदान वासासाठी."

"वास कशाला पाहिजे? लोकांनी बघायचंय."

"मी सांगते ते ऐक ना."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, हिचासुद्धा माझ्या फुलावर विश्वास नाही.

समारंभ तळेगावातल्या एका नव्या हॉलमध्ये होता. हॉलला एसी होता आणि त्या वेळी आमच्याकडे एसी म्हणजे मोठं अप्रूप, त्यामुळे खिडक्या न उघडण्याबद्दल चार ठिकाणी पाट्या लावल्या होत्या. जिप्सो अर्धा उमलला की कापतात आणि मग बंद, उबदार खोलीत पाण्यात उभा करतात, म्हणजे राहिलेल्या कळ्या फुलतात. मी आदल्या दिवशी दुपारीच सगळ्या बादल्या हॉलमध्ये आणून ठेवल्या, दारं घट्ट लावली आणि एसी बंद ठेवायला सांगितला. मे महिन्याच्या उकाड्यात एकूण एक कळी फुलली. सकाळी दार उघडलं तेव्हा मला आणि आईला भरूनच आलं. पूर्ण फुललेला एवढा जिप्सो आम्ही एका जागी कधी पाहिला नव्हता.

आणि आता अध्यक्ष बूट तपासत होते.

त्यांच्यानंतर पहिल्या रांगेने तपासले. मग दुसऱ्या. एका मामलेदारांनी शेजारच्या बाईंच्या मांडीवरच्या बाळाकडे रोखून पाहिलं, तेव्हा त्या बाईंनी बाळ उचलून मामलेदारांच्या बुटाकडे रोखून पाहिलं. स्वागतगीत म्हणणाऱ्या चार शिक्षिका दुसऱ्या कडव्यात एकेक करून नाकाला पदर लावू लागल्या आणि तिसरं कडवं पेटीने एकटीने म्हटलं.

"कसला तरी वास येतोय," मागून कुणीतरी बोललं.

"दूध आंबल्यासारखा."

"छे. ओल्या मोज्यांचा आहे."

मी नाक वर करून हुंगलं. मला काही आलं नाही. आईनेही हुंगलं. "कुठं काय," ती म्हणाली.

दूध म्हटल्यावर संशय बासुंदीवर गेला. केटररला बोलावलं. तो बिचारा पातेलंच घेऊन आला आणि स्टेजच्या पायरीवर उभा राहून, सगळ्यांच्या देखत, त्याने तीन वाट्या बासुंदी पिऊन दाखवली. त्याला काही झालं नाही. मग शाळेचा शिपाई सोपान म्हणाला की स्टेजखाली उंदीर मेला असणार. तो खाली शिरला, बराच वेळ खुडबुडला आणि पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट घेऊन बाहेर आला. "उंदीर न्हाई सर," तो म्हणाला, "पण ह्यो घावला."

वाळुंज सर उठले. एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस, स्वतःच्या सत्कारात असा गोंधळ कसा चालवून घेईल? त्यांनी माइक हातात घेतला आणि हॉल गप्प झाला.

"एक्याण्णव साली," सर म्हणाले, "आठवी ब मध्ये असाच वास आला होता. मी एकेक रांग वर्गाबाहेर काढली. ज्या रांगेबरोबर वास गेला, तिथे गुन्हेगार सापडला. शेवटच्या रांगेत, एका डब्यात, तीन दिवसांची बोंबलाची चटणी होती. तीच पद्धत आज वापरू. रांग एक, उठा."

मी मान खाली घातली. तो डबा माझा होता.

माणसं उठली. त्यात मामलेदार होते, दोन डॉक्टर होते, एक माजी आमदार होते. पण सगळे सरांचे विद्यार्थी. सगळे रांगेने, हाताची घडी घालून बाहेर गेले. मला आणि आईला मात्र त्या रांगेतून सरांनी हाताने थांबवलं. "सजावटवाले थांबा. तुमचा निकाल बाकी आहे." मग त्यांनी उरलेल्यांना विचारलं, "गेला का वास?"

"नाही, सर," उरलेले एका सुरात म्हणाले.

"रांग एक निर्दोष. रांग दोन, उठा."

दुसरी रांग गेली. वास राहिला. तिसरी गेली. बाहेर चिंचेखाली जेवणाची टेबलं मांडलेली होती आणि निर्दोष सुटलेली माणसं तिकडेच वळत होती. चौथ्या रांगेबरोबर काळोखे साहेब कुणी न सांगता उठले आणि त्यांच्यात मिसळून निघून गेले. सातव्या रांगेपर्यंत बाहेरून पंगतीचा आवाज यायला लागला. अकराव्या रांगेनंतर खुर्च्या संपल्या. सरांनी पेटीवाल्याला, केटररला आणि शेवटी सोपानलाही बाहेर पाठवलं. सोपान जाताना मुकुट घेऊन गेला.

हॉलमध्ये आम्ही चौघं उरलो. स्टेजवर सर, भिंतीपाशी प्रतिभा, खुर्च्यांच्या कडेला आई आणि मी. सरांनी दीर्घ श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"वास आहे," ते म्हणाले. "म्हणजे आता आपल्यापैकीच कुणाचा तरी." त्यांनी आधी स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगली, कारण माणूस न्यायी होता. मग माझ्याकडे पाहिलं. "असवले, डबा आणलायस का?"

"नाही, सर."

"आठवी ब मध्येही तू नाहीच म्हणाला होतास."

"खरंच नाही, सर. आणि खरं सांगू का, मला कसलाच वास येत नाही."

"कसलाच?"

"सकाळपास्नं समदी वास वास करत्यात," आई म्हणाली. ती आता वैतागली होती. "मला तर इथं आपल्या घरात बसल्यागत वाटतंय."

सर तिच्याकडे बघत राहिले. "घरात बसल्यासारखं," ते स्वतःशीच म्हणाले. मग ते सावकाश वळले, मागच्या भिंतीपाशी गेले, वाकले, आणि माझ्या जिप्सोत नाक घातलं. ते फार पटकन बाहेर आले.

"आप्पा," प्रतिभा म्हणाली, "वास फुलांचाच आहे."

मी खाली बसलो. अकरा वर्षं मी हे फूल पिकवत होतो. शेतात वारं असतं, आणि गुच्छात चार काड्यांवर कधी कुणी घालत नाही, त्यामुळे बोलायची वेळच कुणावर आली नव्हती. पण आता एकेक गोष्ट आठवायला लागली. आमच्या घरी येणारा पाहुणा गरम चहा दोन घोटांत का संपवायचा. माझा मामा भर उन्हाळ्यात ओट्यावरच का बसायचा आणि आत ये म्हटलं की त्याला गुरांना पाणी पाजायचं का आठवायचं. एसटीत माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी का असायची. ती जागा मला भाग्याची वाटायची, कारण तिथे प्रतिभा येऊन बसायची.

"तुला माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. मागे वळून बघायच्या आधी मला कळायचं, तू चढलास म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"गुलाब लाव म्हटलं होतं."

"त्याच्या आधी. दोन वर्षं."

तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, आणि मग ते तिथे नाहीतच असं ठरवून बोलली. "आधी मला माहीत नव्हतं की फुलांचा आहे. मला वाटायचं, तुझाच आहे. माणसाचाच असला तर त्याला काय सांगणार? मी विचार केला खूप. एक अख्खी दिवाळीची सुट्टी विचार केला. मग ठरवलं, चालेल."

असं कुणी आजवर माझ्याबद्दल बोललं नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि मी ते आलेलं दिसू दिलं. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि प्रतिभाला म्हणाली, "लई गुणाची हायेस गं बाय."

सर स्टेजच्या कडेवर पाय खाली सोडून बसले होते. सत्कारमूर्ती एकटा, मागे तीनशे जुड्या, समोर दीडशे रिकाम्या खुर्च्या. बाहेरून कुणीतरी बासुंदी वाढायला सांगत होतं.

"सजावटीला शून्य," सर म्हणाले.

"हो, सर."

"शून्यसुद्धा उदारपणे देतोय."

"हो, सर." मी आईचा हात धरून उठलो. पायरी चढायची नाही असं ठरलं होतं, आणि आम्ही ठरल्याप्रमाणे वागणारी माणसं होतो. आम्ही दारापर्यंत पोचलो.

"असवले, पेपर अजून तपासून झालेला नाही. बस खाली."

आम्ही बसलो. सरांनी पुन्हा एकदा मागे वळून त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"प्रश्न सजावटीचा नव्हता," ते शेवटी म्हणाले. "प्रश्न असा होता की हे फूल मुख्य आहे की रिकाम्या जागा भरायचं. आता रिकाम्या जागा भरणाऱ्याने जागा भरल्या पाहिजेत. याने माझा भरलेला हॉल अर्ध्या तासात रिकामा केला. अध्यक्षांसकट. गुलाबाला हे जन्मात जमलं नसतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "निकाल निकाल असतो. फूल मुख्य आहे. पास."

"आप्पा," प्रतिभा म्हणाली.

"तू काही बोलू नकोस. तू पेपर फोडला होतास. गुलाब लाव म्हणे."

मग सरांनी सोपानला हाक मारली, आणि हात धुतलेल्या दोनचार मामलेदार-डॉक्टरांनी जुड्या उचलून बाहेर चिंचेखाली नेल्या. वारं होतं. उघड्यावर कुणाला काही वास आला नाही. काळोखे साहेबांनी दुसऱ्या वाटीनंतर फार सुंदर भाषण केलं आणि सजावटीचा खास उल्लेख केला. त्या दिवसाचा फोटो आमच्या घरात आहे. त्यात सर जिप्सोच्या मधोमध उभे आहेत, श्वास रोखून.

लग्नानंतर दोन वर्षांनी एका सकाळी प्रतिभा शेतात आली आणि वाफ्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "मला आता येत नाही रे वास." ती जराशी हिरमुसली होती. "तू मागून आलास तरी कळत नाही." मी तेव्हापासून तिच्या मागून येताना उगीचच खाकरतो.

सर आमच्याकडे राहायला आले ते प्रतिभाची आई गेल्यानंतर, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर. यायला ते तयार नव्हते. आले ते खिशात कापराची डबी घेऊन. पहिला महिनाभर ती डबी त्यांच्या नाकाशी असायची. पुढे ते शेताच्या कडेला खुर्ची टाकून बसायला लागले, आणि गुलाबवाले शेजारी आले की त्यांना सांगायचे, "आमचं मुख्य पीक आहे हे. मुख्य." मग ते काड्या सोडवायला बसायला लागले. डबी कुठे गेली ते कुणाला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात काळोखे साहेब त्यांना भेटायला आले. साहेब नव्वदीला टेकलेले, हातात काठी. तोडणीचे दिवस होते. माजघरात बादल्या भरून जिप्सो उमलायला ठेवलेला, दारं बंद. सर खालीच बसले होते, डोक्यात, मिशीत बारीक पांढरी फुलं. साहेबांना खुर्ची दिली. साहेब बसले, काठी बाजूला ठेवली, एक श्वास घेतला, थांबले. मग त्यांनी मोठ्या कष्टाने उजवा पाय उचलून डाव्या गुडघ्यावर घेतला आणि बुटाचा तळ आपल्याकडे वळवला.

आईने माझ्याकडे पाहिलं. प्रतिभा चहा जरा लवकर आणावा म्हणून आत गेली. मी सरांकडे पाहिलं.

सरांचे हात थांबले होते. ते साहेबांच्या बुटाकडे अगदी काळजीने बघत होते.

"काय झालं साहेब," त्यांनी विचारलं, "काही लागलं का पायाला?"